हृदयाजवळच्या महाधमनीचा फुगवटा : निदान आणि शस्त्रक्रियेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एको (हृदयाची सोनोग्राफी) करून बाहेर आलेल्या माणसाच्या हातात एक कागद असतो आणि डोक्यात एकच आकडा, महाधमनीचा व्यास सेंटीमीटरमध्ये: ४.३, ४.८, ५.१. आम्हाला येणारे बहुतेक प्रश्न त्या आकड्यापासून सुरू होतात. आकडा महत्त्वाचा आहेच. पण तो कशानं आणि कुठे मोजला, गेल्या वर्षी किती होता आणि ती धमनी कुणाच्या शरीरात आहे, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. खालची बरीचशी उत्तरं फिरून फिरून इथेच येतात, त्याला इलाज नाही. डॉक्टरांना भेटायला जाण्याआधीची तयारी म्हणून हे वाचा. उपचार काय करायचे ते त्यांच्याशी बोलूनच ठरवा.

१. महाधमनी म्हणजे नेमकी कुठली? आणि तिला ‘फुगा’ येतो म्हणजे काय होतं?

महाधमनी हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून निघते, थोडी वर चढते, वळते आणि पाठीच्या कण्यालगत खाली उतरते. वाकड्या मुठीची काठी उभी धरली तर दिसेल तशीच: मुठीचं आखूड टोक हृदयात, लांब दांडा पोटात. अगदी सुरुवातीचा भाग म्हणजे मूळ, रिपोर्टमधला ‘रूट’. इथेच महाधमनीची झडप असते आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरी धमन्यांची तोंडंही इथेच असतात. त्याच्यावर चढता भाग, मग डोक्याकडे आणि हातांकडे फांद्या देणारी कमान. इथली उत्तरं प्रामुख्यानं या तीन भागांबद्दल आहेत.

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. मधल्या थरातले लवचीक तंतू झिजले, तुटले की भिंत पातळ होते आणि व्यास वाढत जातो. मोठ्या माणसात चढत्या भागाचा व्यास साधारण ३ ते ३.७ सेंटीमीटर असतो. नेहमीच्या दीडपट झाला तर ॲन्युरिझम, ही पुस्तकी व्याख्या. व्यवहारात ४.५ च्या पुढे ॲन्युरिझम म्हणतात आणि ४ ते ४.४ ला नुसतं ‘रुंदावलेली’. ‘फुगा’ या शब्दानं थोडी फसगत होते. बहुतेक वेळा एका जागी गोळा आलेला नसतो, अख्खी नळीच पेरूसारखी किंवा दुधीसारखी फुगलेली असते.

२. मला तर काहीच त्रास नाही. रिपोर्ट चुकला असेल का?

नाही, त्रास नसणं हेच या आजाराचं नेहमीचं रूप आहे. दुसऱ्याच कशासाठी केलेल्या एकोत किंवा छातीच्या सीटीत तो अवचित सापडतो. फुगवटा मोठा असेल तर आजूबाजूच्या अवयवांवर दाब येतो: गिळायला अडखळतं, खोकला हटत नाही, आवाज घोगरा होतो. आवाजाचं कारण मजेशीर आहे. स्वरयंत्राकडे जाणारी डावी नस आधी छातीत उतरते, कमानीखालून वळसा घालते आणि मग पुन्हा गळ्याकडे चढते. कमान फुगली की ती ताणली जाते. मूळ रुंदावल्यानं झडप नीट मिटत नसेल तर दम लागतो. अचानक उठणाऱ्या दुखण्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

३. हे कोलेस्टेरॉलमुळे होतं का? माझी अँजिओग्राफी तर एकदम स्वच्छ आहे.

हृदयाच्या धमन्यांत अडथळे असणं आणि महाधमनी फुगणं हे दोन वेगळे आजार आहेत. एक असला की दुसरा असेलच असं नाही. पोटातल्या महाधमनीच्या फुगवट्यात धूम्रपान आणि चरबीचे थर यांचा हात मोठा असतो. चढत्या भागात मुख्य दोष लवचीक तंतूंचा असतो.

त्यामागे वर्षानुवर्षांचा उच्च रक्तदाब आणि वय असतं. जन्मतः दोन पाकळ्यांची झडप असेल (नेहमीच्या झडपेला तीन असतात, शंभरात एक-दोन माणसांना दोनच) तर धमनी फुगण्याचं प्रमाण बरंच जास्त. काहींना जनुकीय आजार असतात: मारफान सिंड्रोम, ज्यात फायब्रिलिन हे प्रथिन घडवणारा जनुक बिघडलेला असतो, लोइस-डिट्झ, टर्नर. टाकायासू किंवा जायंट सेल आर्टरायटिससारख्या आजारांत धमनीची भिंतच सुजते. पेनिसिलिन येण्यापूर्वी सिफिलिस हे मोठं कारण होतं, आता क्वचित. कारण शोधण्याचा आग्रह धरा, कारण ऑपरेशन कितीला करायचं हे त्यावर ठरतं (प्रश्न ७).

४. रिपोर्टवर ४.२ लिहिलंय. घाबरायचं का?

नाही. पण कागद कपाटात टाकून विसरायचंही नाही. वयाबरोबर धमनी थोडी रुंदावतेच, आणि धिप्पाड माणसात ४.० हा आकडा फारसा वेगळा नसतो. चढता भाग सरासरी वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो, अनेकांत त्याहूनही कमी. पहिल्या निदानानंतर साधारण ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा मोजतात. आकडा स्थिर दिसला की तपासण्यांमधलं अंतर वाढवता येतं. दरम्यान रक्तदाब सांभाळायचा आणि झडप दोन पाकळ्यांची आहे की तीन, हे एकोवाल्या डॉक्टरांना मुद्दाम विचारायचं.

५. एकोवर ४.४ आलं आणि महिन्याभरानं सीटीवर ४.७. महिन्यात ३ मिलिमीटर वाढलं?

जवळजवळ नक्कीच नाही. सगळ्यात जास्त झोप उडवणारा हा प्रश्न, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, मोजपट्टी कुठे लावली. एकोत रूढ पद्धतीनं एका बाजूची भिंत धरून मोजतात, दुसऱ्या बाजूची सोडून. सीटीवर कुणी भिंतीच्या आतून आत मोजतं, कुणी बाहेरून बाहेर. एवढ्यानंच २ मिलिमीटरपर्यंत फरक पडतो.

दुसरी गोष्ट, काप तिरका गेला का. काकडी आडवी कापली तर गोल चकती निघते, तिरकी कापली तर लांबट. धमनी वळणाची आहे. सीटीचा सरळ आडवा काप तिला तिरका छेदतो आणि व्यास खोटा वाढतो. म्हणून धमनीच्या अक्षाला काटकोनात काप फिरवून मोजावं लागतं. रिपोर्टमध्ये तसं लिहिलेलं नसेल तर रेडिओलॉजिस्टना विचारायला संकोचू नका.

तिसरी गोष्ट, मूळ हे गोल नसतं, तीन पाकळ्यांच्या फुलासारखं असतं. फुगीर कोपऱ्यापासून समोरच्या फुगीर कोपऱ्यापर्यंत एक माप, आणि तिथून समोरच्या सांध्यापर्यंत दुसरं. दोन्ही बरोबर, दोन्ही वेगळी.

चौथी, धमनी प्रत्येक ठोक्याला हलते. ईसीजीशी जुळवून न घेतलेल्या सीटीत मुळाची कडा पुसट येते, कधी दुहेरीही दिसते.

तेव्हा १-२ मिलिमीटरचा फरक मोजण्यातला धरायचा. खरी वाढ बघायची तर त्याच प्रकारची तपासणी, शक्यतो त्याच केंद्रात, आणि जुनी-नवी चित्रं शेजारी लावून एकाच माणसानं मोजलेली हवी. म्हणून नुसता रिपोर्टचा कागद जपून भागत नाही, चित्रांची सीडी किंवा डिजिटल फाईल जपा. कागदावरच्या दोन आकड्यांची वजाबाकी करून ऑपरेशन ठरवू नये, आणि टाळूही नये.

६. एको पुरेसं नाही का? सीटी कशाला?

एकोत मूळ आणि झडप छान दिसते, किरणोत्सर्ग नसतो. पण चढत्या भागाचा वरचा टप्पा आणि कमान छातीच्या हाडाआड राहतात. म्हणून निदान झाल्यावर एकदा तरी संपूर्ण महाधमनीची सीटी अँजिओग्राफी करून घेतात, ईसीजीशी जुळवलेली. नंतर एको आणि सीटीची मापं जुळत असतील तर बरीचशी देखरेख एकोवर चालते. तरुण माणसाला आयुष्यभर तपासण्या लागणार असतील तर एमआरआय बरा, किरण टळतात. मूत्रपिंडं कमजोर असतील तर सीटीच्या औषधाबद्दल आधीच सांगा. छातीच्या साध्या एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

७. किती सेंटीमीटरला ऑपरेशन करतात?

जनुकीय आजार नसेल आणि त्रास नसेल तर मूळ किंवा चढत्या भागासाठी ५.५ ही जुनी, ठाम रेषा. २०२२ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी त्यात भर घातली: अनुभवी सर्जन आणि महाधमनीचं काम नेहमी करणारी टीम असेल तर ५.० लाही ऑपरेशन योग्य ठरू शकतं.

मारफानमध्ये ५.०, आणि घरात कुणाची धमनी चिरली असेल (चिरणं म्हणजे काय ते प्रश्न १२ मध्ये) किंवा वाढ वेगानं होत असेल तर ४.५. लोइस-डिट्झमध्ये ४.५ किंवा त्याहूनही आधी. कुठला जनुक बिघडला आहे त्यावर अवलंबून. दोन पाकळ्यांच्या झडपेत ५.५, पण धोक्याची आणखी कारणं असतील तर ५.०.

या सगळ्याला वेगाची अट जोडलेली आहे. सलग दोन वर्षं दर वर्षी ३ मिलिमीटर किंवा एका वर्षात ५ मिलिमीटर खरीखुरी वाढ (खरीखुरी म्हणजे काय ते प्रश्न ५ मध्ये) झाली तर आकडा लहान असला तरी ऑपरेशनचा विचार करतात. आणि फुगवट्यामुळेच दुखत असेल तर कुठल्याच आकड्याची वाट बघत नाहीत. ठेंगण्या व्यक्तींसाठी प्रश्न ९, दुसरं काही ऑपरेशन ठरलं असेल तर प्रश्न २२.

८. ५.५ हाच आकडा का? ५.४ ला काही होत नाही का?

होतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात डॉ. जॉन एलेफ्टेरियाडेस यांच्या गटानं वर्षानुवर्षं रुग्णांची मापं ठेवली. चढत्या भागात ६ सेंटीमीटरपाशी फुटण्याचा आणि चिरण्याचा धोका एकदम उसळी घेतो, असं त्यांना दिसलं. त्या कड्याच्या थोडं अलीकडे थांबायचं म्हणून ५.५. तिथे ऑपरेशनचा धोका आणि न करण्याचा धोका यांचं पारडं फिरतं.

मग गोंधळ झाला तो २००७ मध्ये. अचानक धमनी चिरलेल्या रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत दिसलं की साधारण ६० टक्के रुग्णांची धमनी ५.५ पेक्षा लहान होती आणि ४० टक्क्यांची ५.० पेक्षाही. याचा अर्थ ४.८ वाला ६ वाल्याइतकाच धोक्यात आहे, असा नाही. ४ ते ५ च्या दरम्यानची माणसं समाजात इतकी जास्त आहेत की प्रत्येकाचा धोका थोडासा असला तरी एकूण संख्या मोठी भरते. त्यात भर म्हणजे चिरताना धमनी आणखी रुंदावते, त्यामुळे आदल्या दिवशी ती मोजली असती तर अजूनच लहान निघाली असती. म्हणून नुसत्या व्यासावर विसंबू नये, यावर आता बहुतेकांचं एकमत आहे. त्याऐवजी एकच एक माप मात्र अजून कुणाला सापडलेलं नाही.

९. माझी उंची कमी आहे. माझ्यासाठीही तोच आकडा?

तोच लावला तर अन्याय होतो. उंचीशी जुळवलेलं एक सोपं गणित आहे: धमनीच्या कापाचं क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटरमध्ये काढा आणि मीटरमधल्या उंचीनं भागा. उत्तर १० किंवा जास्त आलं तर ऑपरेशनचा विचार रास्त. ४.५ सेंटीमीटर व्यासाचं क्षेत्रफळ १५.९ येतं. उंची १.५ मीटर असेल तर भागाकार १०.६, १.८ मीटर असेल तर ८.८. धमनी तेवढीच, निर्णय वेगळा. बुटक्या बायकांना ‘अजून ५.५ झालं नाही’ म्हणून नुसतं थांबवून ठेवलेलं दिसतं तेव्हा हे गणित पुढे करावं. टर्नर सिंड्रोममध्ये उंची मुळातच कमी असते, तिथे शरीराच्या पृष्ठफळाशी जुळवलेलं माप वापरतात.

१०. गोळ्यांनी फुगा बसतो का?

बसत नाही. गोळ्या धमनीवरचा मार कमी करतात. बीपी १३०/८० च्या खाली ठेवायचं, त्यासाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर आणि लोसार्टनच्या गटातली औषधं वापरतात. मारफानच्या मुलांत आणि तरुणांत लोसार्टन जुन्या ॲटेनोलॉलला मागे टाकेल अशी मोठी आशा होती. २०१४ च्या मोठ्या चाचणीत दोघांत फरक दिसला नाही. धूम्रपान बंद, यावर चर्चाच नको.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवून सांगा: लघवीच्या किंवा छातीच्या संसर्गाला सर्रास दिली जाणारी सिप्रोफ्लोक्सासिन, लिव्होफ्लोक्सासिन ही अँटिबायोटिक्स. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं इशारा दिला की महाधमनीचा फुगवटा असलेल्यांना दुसरा पर्याय असेल तर ही देऊ नयेत. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना तुमचा फुगवटा माहीत नसतो, तो तुम्हीच सांगायचा.

११. व्यायाम करू का? जिम बंद?

चालणं, सावकाश सायकल, हलकं पोहणं चालतं, करावंच. टाळायचं ते श्वास रोखून जोर लावणं: जड वजनं, दंडबैठकांची चढाओढ, अडकलेलं कपाट ढकलणं, आणि हो, बद्धकोष्ठात कुंथणं. वजन उचलताना श्वास रोखला तर वरचं बीपी काही क्षण ३०० च्याही पुढे गेल्याचं मोजलं गेलं आहे. बोलता बोलता करता येईल एवढाच जोर, ही मोजपट्टी पुरते.

१२. छातीत दुखलं तर हार्ट अटॅक समजायचं की हे?

घरी बसून समजून घ्यायचंच नाही. लगेच रुग्णवाहिका बोलवा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

फुगवट्यातली खरी भीती ‘डिसेक्शन’ची. भिंतीचा आतला थर फाटतो आणि रक्त थरांच्या मध्ये घुसून भिंत उकलत नेतं. दुखणं एका क्षणात कमाल पातळीला पोचतं, पाठीत किंवा मानेकडे सरकतं. लोक ‘आत काहीतरी फाटलं’ असंच वर्णन करतात. कधी चक्कर, कधी एका हातापायातली ताकद जाते, एका हाताचं बीपी दुसऱ्याहून वेगळं लागतं. कधी दुखणं फारसं नसतंही.

चढता भाग चिरला आणि उपचार झाले नाहीत, तर पहिल्या ४८ तासांत दर तासाला शंभरातले एक-दोन रुग्ण दगावतात, हे जुन्या काळापासून सांगितलं जाणारं प्रमाण. ईसीजी साधा येऊ शकतो. आणि हार्ट अटॅक समजून रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन दिलं गेलं तर ते घातक ठरू शकतं. म्हणून तातडीच्या कक्षात शिरताच पहिलं वाक्य: “मला महाधमनीचा ॲन्युरिझम आहे.” घरच्यांनाही हे वाक्य पाठ हवं. पाकिटात चिठ्ठी ठेवा.

१३. मांडीतून स्टेंट टाकून भागत नाही का?

उतरत्या भागात भागतं, तिथे तो उपचार आता रुळला आहे. चढत्या भागात जागाच तशी नाही. खालच्या टोकाला झडप आणि कॉरोनरीची तोंडं, वरच्या टोकाला मेंदूकडे जाणाऱ्या फांद्या. झाकलेला स्टेंट पक्का बसायला दोन्हीकडे सरळ, निरोगी नळी लागते, ती मिळत नाही. शिवाय तिथे हृदयाचा धक्का थेट आणि सगळ्यात जोराचा. उघडं ऑपरेशन अजिबात झेपणार नाही अशा काही निवडक रुग्णांत प्रयोग होतात. कमानीसाठी फांद्या असलेले स्टेंट मोठ्या केंद्रांत वापरतात. सरसकट पर्याय म्हणून कुणी सांगत असेल तर दुसरं मत घ्या.

१४. ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

छातीचं मधलं हाड उभं कापतात. रक्त गोठू नये म्हणून हेपरिन देऊन शरीराचं रक्त हार्ट-लंग मशीनकडे वळवतात. महाधमनीला चिमटा लावतात, पोटॅशियमयुक्त थंड द्रावण देऊन हृदय थांबवतात, फुगलेला भाग कापून काढतात आणि त्याजागी डॅक्रॉनच्या विणीची नळी शिवतात, साधारण २६ ते ३० मिलिमीटर व्यासाची. डॅक्रॉन म्हणजे पॉलिस्टर. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल डीबेकी यांनी पहिल्या नळ्या पत्नीच्या शिवणयंत्रावर शिवल्या होत्या. पुढे १९५६ मध्ये डेंटन कूली आणि त्यांनी हार्ट-लंग मशीनच्या आधारानं चढता भाग बदलला.

किती बदलायचं त्यावर ऑपरेशनचं नाव ठरतं. मूळ चांगलं असेल तर फक्त वरची नळी. मूळ आणि झडप दोन्ही बिघडली असतील तर झडप जोडलेली नळी बसवतात आणि कॉरोनरीची तोंडं बटणासारखी कातरून तिला शिवतात. १९६८ मध्ये या पद्धतीचं मूळ रूप मांडणाऱ्या ह्यू बेंटॉल यांच्यावरून तिला बेंटॉल म्हणतात. मूळ फुगलंय पण झडपेच्या पाकळ्या धड आहेत, तर स्वतःची झडप राखून भोवतालची भिंत तेवढी बदलतात. लंडनचे मॅग्दी याकूब आणि टोरांटोचे टायरोन डेव्हिड यांनी याच्या दोन पद्धती रूढ केल्या. कागदावर ‘डेव्हिड’ लिहिलेलं दिसेल ते हेच.

साधारण चार ते सहा तास लागतात. बाहेर बसलेल्यांनी घड्याळाकडे बघून निष्कर्ष काढू नयेत. उशीर बहुतेकदा रक्तस्राव नीट थांबवण्यात जातो.

१५. मेंदूचा रक्तपुरवठा थांबवतात हे खरं आहे का?

कमानीला हात लावायचा असेल तर काही काळ शरीराचं रक्ताभिसरण खरंच थांबवतात. थंड मेंदूला प्राणवायू कमी लागतो. १९७५ मध्ये रँडल ग्रीप यांनी रुग्णाला खोल थंड करून कमान बदलण्याची पद्धत मांडली. तेव्हा २० अंशांच्याही खाली नेत. आता बहुतेक ठिकाणी २४ ते २८ अंशांपर्यंत नेतात आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमनीतून वेगळं रक्त चालू ठेवतात, म्हणजे बाकी शरीर थांबलं तरी मेंदू पूर्ण कोरडा राहत नाही. फक्त चढता भाग बदलताना, नळीचं वरचं टोक कमानीला नीट जोडायचं म्हणून, काही मिनिटं असं करावं लागू शकतं.

१६. झडप बदलावी लागली तर मेटल की टिश्यू?

मेटलची झडप आयुष्यभर टिकू शकते, पण आयुष्यभर वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घ्यावं लागतं आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, साधारण २ ते ३ मध्ये ठेवण्यासाठी रक्त तपासत राहावं लागतं. नव्या, ‘रक्ततपासणी न लागणाऱ्या’ गोळ्या मेटलच्या झडपेला चालत नाहीत. त्यांतल्या डॅबिगट्रानची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव वाढल्यानं थांबवावी लागली होती. टिश्यूची (प्राण्यांच्या ऊतींपासून केलेली) झडप १० ते १५ वर्षांत झिजते, तरुणात लवकर. ढोबळ हिशोब: पन्नाशीच्या आत मेटलकडे कल, पासष्टीच्या पुढे टिश्यूकडे, मध्ये तुमची मर्जी. आई होऊ इच्छिणाऱ्या तरुणीचं गणित वेगळं, कारण वॉरफेरिन गर्भाला घातक ठरू शकतं. स्वतःची झडप वाचत असेल तर हा प्रश्नच उरत नाही, म्हणून ते काम सफाईनं करणारा सर्जन शोधण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

१७. धोका किती असतो? खरं सांगा.

ठरवून केलेलं, मूळ किंवा चढत्या भागाचं ऑपरेशन, अनुभवी केंद्रात: मृत्यूचा धोका शंभरात साधारण एक ते तीन. पक्षाघाताचाही जवळपास तेवढाच. कमान, पूर्वी उघडलेली छाती, कमजोर मूत्रपिंडं, वाढतं वय यांनी तो चढतो. धमनी चिरल्यावर तातडीनं करावं लागलं तर शंभरात पंधरा ते वीस. ‘अजून थोडं थांबून बघू’ म्हणताना या दोन आकड्यांमधलं अंतर डोळ्यांसमोर असू द्या. सर्जनना सरळ विचारा: हेच ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता, आणि निकाल काय? चांगला सर्जन या प्रश्नानं दुखावत नाही.

१८. ऑपरेशनआधी दातांच्या डॉक्टरांकडे का पाठवतात?

किडलेल्या दातातले जंतू रक्तात उतरून नव्या नळीवर किंवा झडपेवर बसले तर काढणं महाकठीण. कॉरोनरीची तपासणी, मानेच्या धमन्यांचा डॉपलर, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं यांच्या चाचण्या, हे नेहमीचं.

१९. बरं व्हायला किती दिवस लागतात?

आयसीयूत एक-दोन दिवस, रुग्णालयात आठवडा-दहा दिवस. हाड सांधायला ६ ते ८ आठवडे. तोवर जड उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही, अंथरुणातून उठताना कुशीवर वळून उठायचं. साधारण तीनातल्या एकाला पहिल्या काही दिवसांत हृदयाचे ठोके अनियमित होतात. बहुतेकदा औषधांनी ते ताळ्यावर येतात. बसून करायच्या कामावर सहा ते आठ आठवड्यांत, अंगमेहनतीच्या कामावर तीन महिन्यांनी.

जे कुणी आधी सांगत नाही ते असं: तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उगाच रडू येतं, चिडचिड होते, झोप मोडते. नेहमीचं आहे, ओसरतं. दोन जिने न थांबता चढता आले की शरीरसंबंधांना हरकत नसते. ताप, जखमेतून पाणी किंवा हाड कटकट वाजणं यांपैकी काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी फोन करा.

२०. ऑपरेशन झालं. आता फाईल बंद?

शिवलेली नळी फुगत नाही, पण उरलेली महाधमनी तुमचीच आहे. आधी काही महिन्यांत एक सीटी किंवा एमआरआय, मग वर्षाला, पुढे स्थिर दिसलं तर अंतर वाढवतात. धमनी चिरून ऑपरेशन झालेल्यांत उतरत्या भागात चीर राहिलेली असते; त्यांना देखरेख आयुष्यभर. बीपीच्या गोळ्या सुरूच. कृत्रिम झडप असेल तर दात काढण्याआधी अँटिबायोटिकचा डोस. एमआरआय करता येतो, डॅक्रॉनला आणि छातीचं हाड सांधणाऱ्या तारांना त्यानं काही होत नाही.

२१. भावाबहिणींची, मुलांची तपासणी करायची का?

हो. आईवडील, सख्खी भावंडं आणि मुलं, सगळ्यांचा एक एको. सिंड्रोमची कुठलीच खूण नसलेल्यांतही साधारण पाचातल्या एकाच्या रक्ताच्या नात्यात हा आजार सापडतो. ‘आजोबा अचानक गेले, हार्टनं गेले’ अशी घरातली जुनी गोष्ट असेल तर ती डॉक्टरांना सांगा. तो हार्ट अटॅकच होता याची खात्री बहुधा कुणाला नसते. जनुकीय चाचणी आधी रुग्णाची करायची. दोष सापडला तर नातेवाइकांत फक्त तोच शोधायचा. ‘अर्थ अनिश्चित’ असा निकाल आला तर त्यावरून कुणालाही आजारी किंवा निरोगी ठरवू नये.

२२. माझं झडपेचं ऑपरेशन ठरलंय. सर्जन म्हणतात, धमनी ४.६ आहे, तीही बदलू. गरज आहे का?

बहुधा आहे. छाती उघडलेलीच असताना ४.५ च्या पुढची धमनी बदलणं मान्य आहे, कारण नंतर तेवढ्यासाठी पुन्हा छाती उघडणं जास्त धोक्याचं. वाढणारा वेळ रुग्णाला झेपेल का, एवढाच प्रश्न. वय खूप आणि हृदय अशक्त असेल तर सर्जन सोडूनही देतील, आणि तेही बरोबर असेल.

२३. मला मारफान आहे आणि मूल हवंय.

गरोदर राहण्यापूर्वी मोजमाप, हा क्रम चुकवू नका. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं, धमनीची भिंत मऊ पडते. धोका शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त. मूळ ४.५ च्या पुढे असेल तर आधी ऑपरेशन, मग गर्भधारणा. ४.० पर्यंत असेल तर धोका कमी, शून्य नाही. मधल्या पट्ट्यात घरातला इतिहास बघून ठरवतात. लोसार्टन आणि त्या गटातली औषधं गर्भाला घातक असतात, ती आधीच बदलून घ्यायची. बीटा ब्लॉकर सुरू ठेवतात. बाळाला आजार येण्याची शक्यता निम्मी, हेही आधी बोलून घ्यावं.

२४. बाहेरून जाळी बसवण्याचं ऑपरेशन असतं म्हणे?

असतं. टाल गोल्सवर्दी या ब्रिटिश इंजिनिअरला स्वतःला मारफान होता. बेंटॉल आणि वॉरफेरिन नको म्हणून त्यानं स्कॅनवरून आपल्या धमनीचा हुबेहूब साचा करवला आणि त्यावर बेतलेली मऊ जाळी धमनीभोवती बसवून घेतली. २००४ मधला पहिला रुग्ण तोच. धमनी उघडावी लागत नाही, झडप स्वतःची राहते. पण फुगवटा फार वाढण्यापूर्वी आणि झडप गळत नसतानाच हे जमतं, आणि मोजक्याच केंद्रांत होतं.

२५. रिपोर्टमध्ये ‘इंट्राम्युरल हिमॅटोमा’ लिहिलंय. फाटलेलं दिसत नाही, म्हणजे सौम्य ना?

चढत्या भागात असेल तर सौम्य नाही. भिंतीच्या थरांत रक्त साचलेलं आहे, फाटलेली जागा दिसत नाही एवढंच. डिसेक्शनइतक्याच गांभीर्यानं बघतात, आणि सहसा तातडीनं ऑपरेशन करतात.

२६. वडील ८२ वर्षांचे आहेत, फुगवटा ५.८. करावं का?

जन्मतारखेवर ठरत नाही. ते स्वतः बाजारहाट करतात का, जिना चढतात का, स्मरणशक्ती कशी आहे, मूत्रपिंडं आणि फुप्फुसं काय म्हणतात, हे बघून ठरतं. शिवणयंत्रावर नळ्या शिवणारे डीबेकी यांची स्वतःची महाधमनी ३१ डिसेंबर २००५ रोजी चिरली, वयाच्या ९७ व्या वर्षी. डिसेक्शनचे प्रकार त्यांच्याच नावानं ओळखले जातात, त्यामुळे काय झालंय ते त्यांना कळलं होतं, आणि त्यांना ऑपरेशन नको होतं. फेब्रुवारी २००६ मध्ये ते बेशुद्ध झाल्यावर, रुग्णालयाच्या नीतिसमितीत खल होऊन, ऑपरेशन झालं. पुढे कित्येक महिने रुग्णालयात गेले. ते सावरले, ऑपरेशन झालं ते बरं झालं म्हणाले, आणि जुलै २००८ मध्ये शंभरीला दोन महिने कमी असताना वारले. ती टीम आणि ती साधनं दहाजणांतल्या एकालाही मिळत नाहीत, हेही तितकंच खरं.

तेव्हा वडिलांनाच विचारा, आणि दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: ठरवून ऑपरेशन करायचं का, आणि ते न करता धमनी अचानक चिरलीच तर रात्री दोन वाजता तुम्हाला ऑपरेशन टेबलावर न्यायचं का. पहिल्याला ‘नाही’ म्हणणारे दुसऱ्यालाही ‘नाही’च म्हणतील असं धरून चालू नका. उत्तर लिहून ठेवा आणि रात्री घरात जो कुणी असेल त्याला दाखवून ठेवा.